टॅप आला की सोडायचं

पोस्टवर पोचलो तेव्हा सकाळचे ११२० झाले होते. बेस कॅम्पपासून चार दिवसांची चाल, त्यातला शेवटचा दिवस सगळे एका दोरीला बांधलेले. वर दोन फायबर हट, आठ माणसं आणि नजर जाईल तिथपर्यंत बर्फ. पोस्ट कमांडर सुभेदार शिंदेसाहेब होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"गाव?"

"उरवडे, साहेब. मुळशी तालुका."

"मग तुझा बडी शोधायला नको. मरगळे!"

हटच्या दारातून एक बारकेला माणूस वाकून बाहेर आला. नाईक दत्तू मरगळे. मुळशी धरणाच्या पलीकडच्या डोंगरावर धनगरवाडा आहे, तिथला. मीही तेव्हा नाईकच होतो, दोन फितीवाला. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक धरण आणि एक घाट, पण ओळख व्हायला ढगांच्या वर यावं लागलं. त्याने माझे कान पाहिले. तालमीत लोळून मोडलेले कान लपत नाहीत.

"पैलवान का?" एवढंच त्याने विचारलं. त्या दिवसापासून माझं बबन ढमाले हे नाव पोस्टवर कोणी घेतलं नाही.

नागरी वाचकांसाठी सांगतो. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. एकत्र खायचं, एकत्र पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला, जायचं, एकाने झोपायचं तेव्हा दुसऱ्याने जागायचं. त्याचा जीव माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. ह्याची कुठे सही घेत नाहीत.

दिवस ठरलेला असे. ०५०० स्टँड टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहायचं. ०६०० चहा. मग फावडी घेऊन हटवरचा बर्फ काढायचा. दर तासाला रेडिओ चेक. १२३० जेवण. १३३० ते १५०० आराम. आराम म्हणजे झोप नव्हे. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की झोप नीट लागत नाही आणि जागही नीट येत नाही. माणूस मधल्याच कुठल्यातरी वाटेवर तरंगत राहतो. एकदा भर दुपारी समोरच्या हिमनदीवरून माझे वडील बैलजोडी घेऊन जाताना दिसले. मी हात वर केला. मग ओशाळून दत्तूकडे पाहिलं.

"लाजू नगं," तो म्हणाला. "मला बी माजी शेरडं दिसत्यात. तितं, त्या कड्याखाली चरत्यात. चांगली हायेत."

आम्ही दोघं बराच वेळ त्या कड्याकडे पाहत बसलो. खरं सांगतो, मलाही दोन दिसली.

पुस्तक तिथल्या पत्र्याच्या पेटीत होतं. जुनी मासिकं, पत्त्यांचे दोन अर्धवट कॅट आणि हे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, कव्हर फाटलेलं. पानापानावर फोटो. जाड जाकिटं घातलेले दोन गडी, एक पांढऱ्यात, एक निळ्यात, मॅटवर एकमेकांना गुंतलेले. ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची कुस्ती होती ती. दत्तू मॅट्रिक होता आणि त्याच्याकडे खिशातली डिक्शनरी होती. बोट ठेवून तो एकेक ओळ फोडायचा आणि समासात पेन्सिलीने आपल्या भाषेत लिहायचा. खालच्या माणसाने कंबर सरकवून वरच्याच्या वजनाखालून निसटायचा एक डाव होता. त्यापुढे त्याने लिहिलं होतं, 'कूस काढणे. शेळी कुंपणाखालनं निघती तशी.'

"पैलवान, हे बघ. हितं खालचा जिंकतोय."

मी सहा वर्षं गावच्या तालमीत काढली होती. हसूच आलं. "खालचा कसा जिंकंल? पाठ लागली की कुस्ती संपली."

"पुस्तकात संपत न्हाई. पुस्तकात तितनं सुरू हुती."

दुपारी आम्ही दोन स्लीपिंग बॅग पसरून त्यावर डाव करू लागलो. पुस्तक उघडं ठेवायला दुधाच्या पावडरचा डबा. एक फोटो, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरा फोटो. त्या उंचीवर दोन फोटोंमध्ये माणसाला धाप लागते. त्यामुळे सगळं पाण्याखाली चालल्यासारखं सावकाश व्हायचं. पांढऱ्या आणि निळ्याची मला इतकी सवय झाली की पेट्रोलवर असताना ते दोघं बर्फात आमच्या पुढे चालताहेत असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात मी घोडचूक केली. दत्तूचा हात माझ्या दोन मांड्यांमध्ये धरून मी कोपर ताणत होतो. त्याने माझ्या पायावर तीन थापा मारल्या. आमच्या तालमीत वस्ताद मांडीवर थाप मारतात ती शाबासकी असते. मी खूश झालो आणि आणखी जोर लावला.

कोपर सुजून नारळाएवढं झालं. शिंदेसाहेबांनी विचारलं तर तो म्हणाला, "बर्फावर घसरलो, साहेब." मग हटमध्ये येऊन त्याने डाव्या हाताने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर आपटलं.

"हे पान मी तुला आधी दाखवाया पायजे व्हतं. माजी चूक. आता ऐक. थाप म्हंजे शाबासकी न्हाई. त्याला टॅप म्हंत्यात. टॅप आला की सोडायचं. त्याच घडीला. का, कशाला, इचारायचं न्हाई. ज्यानं टॅप केला त्याला कळतं, धरणाऱ्याला कळत न्हाई."

"बरं."

"बरं न्हाई. हात धर."

मी मनगट धरलं. तीन थापा. मी सोडलं. "उशीर," तो म्हणाला. त्यानंतर ह्या माणसाने माझा पिच्छा पुरवला. चहा पिताना मनगट पुढे. जेवताना मनगट पुढे. पेट्रोलवर दोरी तपासताना हातमोज्यासकट मनगट पुढे. धर, टॅप, सोड. महिन्याभरात माझी बोटं मला न विचारता उघडू लागली. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

एका गोष्टीत मात्र मी त्याचं ऐकलं नाही. मी पाठीवर पडलो नाही. तीन महिने खाली तोच आणि वर मीच.

"एकदा तरी उताणा हो की. मला वरनं करून बघायचंय."

"न्हाई."

"कोण बघतंय हितं?"

"मी बघतोय."

तो हसायचा आणि पुन्हा स्वतःच खाली पडायचा. माझा तो ताठा आठवला की आजही स्वतःचाच राग येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी लख्ख ऊन. आम्ही हटचं छप्पर साफ केलं, १२३० ला जेवलो. १३४० ला दत्तू म्हणाला, "आज माजा वाढदिवस हाय."

पलटणीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो, शाळेत घालताना मास्तरांनी लावून दिलेला. त्याचाही कागदोपत्री तोच होता.

"एक जूनला हाय तुजा."

"त्यो मास्तरचा. आई म्हंती मी शिमग्याच्या आदी झालो. म्हंजे आजच आसंल. मला काय पायजे इचार."

विचारायची गरज नव्हती. मी छताकडे तोंड करून आडवा झालो. पाठीला स्लीपिंग बॅग लागली. दत्तू गुडघे टेकून माझ्या छातीवर बसला. लग्नातल्या नवऱ्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

"कोपरं छातीशी ठेव. पाय रोव. कंबर उचल आन कूस काढ."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा निम्मं जमलं. तिसऱ्यांदा मी त्याच्याखालून सरळ सरकून बाहेर आलो. तो टाळ्या वाजवत माझ्या उजवीकडे कलंडला. "आता परत," तो म्हणाला. मी पुन्हा पाठीवर झालो.

१४१८ ला वरच्या उतारावर आवाज झाला. कापड फाटल्यासारखा, लांबलचक. मग हटची भिंत आत आली.

अंधार झाला नाही. हे लोकांना खरं वाटत नाही. बर्फातून निळसर उजेड झिरपत होता. मी उताणा, कोपरं अजून छातीशीच, त्यामुळे छातीपुढे वीतभर जागा राहिली होती. उजवा हात तेवढा बाहेर फेकला गेला होता आणि त्याच्या मुठीत एक मनगट होतं.

"दत्तू."

"हाय." आवाज पडलेल्या फायबरच्या पत्र्यापलीकडून आला. "पाय गावंनात. छताचा खांब हाय वाटतं वर."

"थांब. वढतो तुला."

मी ओढलं. काही हललं नाही. प्रत्येक हिसक्याला माझ्या गळ्यापाशी भुसभुशीत बर्फ ओघळत होता. वीतभर जागेची चार बोटं झाली. बाहेर कुठेतरी रेडिओवर शिंदेसाहेबांचा आवाज ऐकू येत होता. "अल्फा थ्री. हट दब गया. दो जवान अंदर. ओव्हर."

"पैलवान," दत्तू म्हणाला, "कूस काढ. डावीकडं चारपाई हाय, तिच्याखाली मोकळं आसंल."

"तुला सोडून न्हाई."

"बाहीर जाऊन खण."

"न्हाई म्हनलं ना."

मी मनगट आणखी घट्ट धरलं. मला थंडी वाजायची थांबली. फार बरं वाटू लागलं. धरणाचं पाणी दिसलं, संथ, सकाळचं, आणि काठाने शेरडं चाललेली. पांढरा आणि निळा काठावर बसून माझी वाट पाहत होते. त्यांच्यात जाऊन बसावं एवढीच इच्छा राहिली.

तेवढ्यात माझ्या हातावर तीन थापा पडल्या.

माझी बोटं उघडली. मला न विचारता. मी परत पकडायला हात पुढे केला तर तिथे बर्फ ढासळला होता.

उजवा हात छातीशी आला. कंबर उचलली गेली. मी कूस काढली, एक वीत, मग दुसरी. चारपाईच्या पायाला खांदा लागला. खाली खरंच पोकळी होती. मी ओरडलो. १४४५ ला मला बाहेर काढलं. मी फावडं हिसकावून घेतलं आणि खणायला लागलो. दत्तू १५२० ला सापडला. डोळे मिटलेले होते आणि उजवा हात मी अडकलो होतो त्या दिशेला पसरलेला होता. मी त्याला हाका मारल्या. बराच वेळ मारल्या. शेवटी शिंदेसाहेबांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

चौकशीत मी जबाब दिला की बर्फाच्या रेट्याने हात निसटला. पुढे हवालदार म्हणून निवृत्त झालो तरी तो जबाब तसाच राहिला. पुस्तक शिंदेसाहेबांनी माझ्या सामानात घातलं होतं. धनगरवाड्यावर जाऊन ते दत्तूच्या घरी द्यावं असं मी अठरा वर्षं ठरवत होतो.

मी गेलो नाही. गेल्या मार्गशीर्षात पुस्तकच न्यायला माणूस आलं. रविवार, ०७००. धरणावरचं धुकं आमच्या वावरापर्यंत आलं होतं आणि त्यातून एक स्कूटर निघाली. बावीस वर्षांची मुलगी, बारकेली, कानात बाळ्या.

"मी कोमल मरगळे. दत्तू मरगळ्यांची. हितंच उरवड्याला कंपनीत क्वालिटीला हाय. भूगावला जिउ-जित्सूच्या क्लासला जाते. आई म्हणाली, बाबांच्या पत्रात आसायचं, ते पण तितं तुमच्यासंगं त्येच खेळायचे, आन पुस्तक तुमच्याकडं आसंल."

तो गेला तेव्हा ही चार वर्षांची होती. हिचा फोटो त्याच्या डिक्शनरीत असायचा.

गोठा रिकामाच आहे. तिथे सतरंज्या अंथरल्या आणि पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिने समासातलं पेन्सिलीचं अक्षर बोटाने वाचलं, तिचा बाप वाचायचा तसंच. 'शेळी कुंपणाखालनं' पाशी ती हसली आणि मग हसता हसता थांबली.

"काका, बाबा शेवटी काय बोलले?"

जबाब तोंडपाठ होता. पण तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं होतं. मी सगळं सांगितलं. मनगट, पत्रा, तीन थापा. "बर्फानं न्हाई गं. मी सोडला त्याचा हात," मी म्हणालो. माझा आवाज फुटला आणि मी तो सावरायला गेलो नाही.

तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. आता ती उठेल, स्कूटर काढेल आणि जाईल, असं मला वाटलं. तिने गेलेलंच बरं, असंही वाटलं. ती सतरंजीवर उताणी झाली आणि उजवा हात पुढे केला.

"धरा."

मी मनगट धरलं. तिने तीन थापा मारल्या.

माझी बोटं उघडली नाहीत. मी पाहत होतो, पण ती उघडत नव्हती.

"काका."

नाहीच.

"काका, टॅप आलाय. बाबांनी कशाला केला आसंल टॅप? तुमी सोडावं म्हणूनच ना? मग सोडा."

मी सोडलं. तिच्या मनगटावर माझी चार बोटं लाल उमटली होती. तिने ते चोळलं नाही. "आता तुमी खाली," ती म्हणाली.

नाईक दत्तू मरगळे, धनगरवाडा, तालुका मुळशी. दर रविवारी ०७०० ला मी हे नाव एकदा मोठ्याने घेतो. मग त्याच्या मुलीपुढे पाठीवर पडतो.