व्हॉल्व्ह कोणाचा?

कपाळावरच्या या टेंगळाबद्दल जो तो विचारून राहिलाय, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो. पण तोंडातला चहा आधी गिळा. मग ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तुम्हाला माहीतच आहे, मी हिंगोलीच्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. एसटी गेटातून आत वळली की नुसत्या आवाजावरून सांगायचो, हिचा पंप गेला, हिचं बेअरिंग गेलं. मग रिटायर झालो. दीड वर्षापूर्वी बायकोही गेली. आता घरात आवाज म्हणजे एका फ्रिजचा. तोही साला एकदम ठणठणीत! दुरुस्तीला काही निघतच नाही.

अशात एक दिवस कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. कोण्या माजी विद्यार्थ्यानं कॉलेजला गवत कापायचं मशीन भेट दिलं होतं. हातानं ढकलायचं नाही हो, वर बसून चालवायचं! छोटा ट्रॅक्टरच म्हणा, पोटाखाली पाती असलेला. ते भकभक करतंय, रेस धरत नाही, जरा पाहता का?

पाहता का? अहो, फोन ठेवायच्या आधी मी चपला घातल्या होत्या!

मशीन चालवायच्या कौसाबाई. साठीला टेकलेल्या, डोक्याला रुमाल, लुगडं खोचलेलं, आणि सीटवर अशा बसायच्या की समोरून कलेक्टर आला तरी बाजूला व्हावा. मी इंजिन उघडलं. हवेच्या फिल्टरमध्ये गवताचा भुसा ठासून भरलेला. झटकला, साफ केला, बसवला. मशीन सुतासारखं चालायला लागलं. अर्ध्या तासाचं काम!

इथंच पिशवी उचलून घरी यायला पाहिजे होतं की नाही? पण घरी जाऊन काय करू? फ्रिज ऐकू? म्हटलं, आलोच आहोत तर आणखी जरा पाहू. पाहिलं. इथं आवळलं, तिथं पुसलं, दोन-चार सुधारणा केल्या. कौसाबाईंनी चहा दिला. लई दिवसांनी कोणाशी तरी समोरासमोर बसून चहा पिलो.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंचाच फोन.

"मिस्त्री, आता निराळंच करून राहिलं. वीस मिन्टं चालते, मग आचके देऊन बंद!"

मी गेलो. प्लग बदलला. तिसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर खोलून धुतला. चौथ्या दिवशी पेट्रोलची नळी बदलली. मजा अशी की मी तपासायला बसलो की मशीन चालायचं. कौसाबाईंनी ग्राउंडाला दोन चकरा मारल्या की मेलं!

"मिस्त्री, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "तुमी यायच्या आधी ते फकस्त खोकत व्हतं. तुमी आल्यापासून मरूनच राहिलं."

बत्तीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये असं कोणी बोललं नव्हतं! पाचव्या दिवशी सकाळी घरून निघताना मी करीमभाईला आवाजाचा मेसेज पाठवला. करीमभाई माझा डेपोतला जोडीदार, आता साखरा गावात शेती करतो. इंजिनाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. चष्मा सापडेना, तसाच बोललो आणि पाठवून दिलं. मोबाइल शर्टाच्या खिशात, शर्ट ग्राउंडावरच्या कडुलिंबाच्या फांदीला, आणि मी बनियनवर मशीनखाली.

तो मेसेज गेला माझ्या पोरीला. शुभांगीला. संभाजीनगरला.

आता मी काय बोललो होतो ते ऐका. शब्द न शब्द पाठ आहे, कारण नंतर तो मला सात वेळा ऐकवण्यात आला.

"ऐक, लय बेकार हालत हाय. सकाळी सुरू व्हायलाच अर्धा तास लागून राहिला. मग नुसती धडधड. वीस मिन्टं चाललं की दम कोंडते अन् एकदम बंद! आतून सगळं काळं झालंय. मला वाटते, व्हॉल्व्ह गेला. आज खोलतोच. जमलं तर ठीक, न्हाई तर नांदेडला न्यावं लागंल."

सांगा, एकट्या राहणाऱ्या बापाचा असा मेसेज आल्यावर कोणती पोरगी इंजिनाचा विचार करील?

तिनं फोन लावला. फोन फांदीवर. तेवीस वेळा लावला. मग शेजारच्या काकूंना लावला. काकू म्हणाल्या, "अगं, घराला तर कुलूप हाय. चार-पाच दिवस झाले, तुझे बाबा त्या कॉलेजच्या ग्राउंडावरच पडून राहतात."

पडून राहतात! काकूंनी आपलं सरळ मनानं सांगितलं. पण शुभांगीनं शाळेत रजा टाकली, भाड्याची गाडी केली आणि निघाली.

दुपारी दोनची वेळ. कौसाबाई पाणी आणायला गेल्या होत्या. मी मशीनखाली उताणा, फक्त पाय बाहेर. विचार करता करता डोळा लागला होता. आणि एकदम, "बाबाऽऽऽ!"

माझे दोन्ही पाय कोणीतरी धरले आणि जोरात ओढले. मी दचकून उठायला गेलो. मशीनखालून उठता येतं का? ठाण्‌दिशी कपाळ लोखंडावर! हेच ते टेंगूळ.

बाहेर आलो तर समोर पोरगी, डोळ्यांतून धारा.

"बोलू नका! हलू नका! दम लागतोय का?"

"तू कवा आलीस? काहून आलीस?"

"तुमचा व्हॉल्व्ह गेलाय ना!"

"माझा कुठं? याचा!"

"याचा म्हणजे कोणाचा?"

तेवढ्यात कौसाबाई कळशी घेऊन आल्या. मी जमिनीवर, पोरगी रडतेय. त्यांनी काही विचारलं नाही. कळशी माझ्या डोक्यावर उपडी केली!

मग सगळा उलगडा झाला. शुभांगीनं मेसेज लावला, कौसाबाईंनी ऐकला, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की शेवटी लिंबाला टेकून उभ्या राहिल्या. शुभांगी मात्र हसली नाही. मला उठवून थेट दवाखान्यात नेलं. छातीला चिमटे लावले, कागद काढला. डॉक्टर म्हणाले, "काका, हृदय अगदी उत्तम आहे. या टेंगळाला मात्र बर्फ लावा."

मशीनचं काय झालं म्हणता? तेही ऐका, लाज कशाला. मी दवाखान्यात होतो तेव्हा कौसाबाईंनी पेट्रोलच्या टाकीचं टोपण ढिलं करून ठेवलं आणि अख्खं ग्राउंड कापून टाकलं! पहिल्या दिवशी 'सुधारणा' करताना मला त्या टोपणाला बारीक भोक दिसलं होतं. म्हटलं, यातून पेट्रोल उडत असणार, आणि ते सील लावून बुजवलं होतं. आता खालून पेट्रोल उतरायचं तर वरून हवा आत जायला नको? ते भोक त्यासाठीच असतं! मी तपासायला बसलो की टोपण उघडायचो, म्हणून चालायचं; कौसाबाईंनी तेच हेरलं होतं. चार दिवस मी माझाच बिघाड शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभांगी पोहे करत होती. घरात कांदा परतल्याचा वास किती दिवसांनी आला म्हणून सांगू! तर दारात करीमभाई उभा. पांढरी दाढी, हातात हळदीची पिशवी, आणि चेहरा रागानं लाल.

"दत्त्या, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय ना? हे काय पाठवलंस मला?"

आणि त्यानं त्याचा मोबाइल लावला. माझाच आवाज.

"बाळा, मी एकदम झकास हाय. जेवण वेळेवर, झोप बराबर, काही तकलीफ न्हाई. तू उगं रजा टाकून येऊ नको. छकुलीला माझा पापा दे."

त्या सकाळी मी दोन मेसेज बोललो होतो हो! एक त्याला, एक हिला. दोन्हींची अदलाबदल!

"छकुली कोण?" करीमभाई ओरडला. "घरात आमी दोघं अन् एक म्हैस! पापा कोणाला देऊ?"

छकुलीची आई, म्हणजे आमची शुभांगी, हसत हसत खालीच बसली. मग हळूहळू तिचं हसू थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "रोज मला असाच मेसेज येतो. एकदम झकास. आणि मी रोज तो खरा मानते."

मी पोह्यांत पाहत राहिलो. करीमभाईनं दाढीवरून हात फिरवला. मग पिशवी कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या आणि म्हणाला, "पोरी, मलाबी वाढ. मी आज इथंच हाय."

दोघं दोन दिवस राहिले. जाताना शुभांगीनं माझ्या मोबाइलमध्ये प्रत्येक नावापुढं फोटो लावून दिला. "आता चष्मा नसला तरी चूक होणार नाही. आणि बाबा, इथून पुढं खरं तेच बोलायचं. मलाही, करीमकाकांनाही."

म्हटलं, बरं. पोरीला शब्द दिला होता. काल दुपारी फ्रिज ऐकत बसलो होतो. मोबाइल घेतला, पांढऱ्या दाढीचा फोटो नीट पाहिला, दाबला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं खरं बोललो.

"घरात बिलकुल करमत न्हाई रे. तुझी लय आठवण येऊन राहिली. उद्या येऊ का तुझ्याकडं?"

पाचच मिनिटांत उत्तर आलं. दाढी प्राचार्यांनाही आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं!

लिहिलं होतं, "मिस्त्री, मशीन उत्तम चालू आहे. कृपया येऊ नये."