कांतीचं खाकरणं

कांती गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाळुंग्याच्या शेतात टोमॅटोची बांधणी करत होतो. त्याच्या पुतण्यानं "काका गेले" एवढंच सांगितलं. सकाळी नारायणगावचं कापडदुकान उघडलं, छातीत कळ आली आणि चाळिशीतला माझा गाण्यातला जोडीदार गादीवर बसल्या जागी संपला. दीड महिना झाला. अजून वाटतं, संध्याकाळी त्याचा फोन येईल...

नव्वदीच्या दशकात नारायणगाव-जुन्नर जीपमध्ये जो कुणी बसला असेल, त्यानं आम्हाला ऐकलंच असणार. 'दत्ता-कांती'! शब्द माझे, चाली त्याच्या, गळे दोघांचे. पाच कॅसेटी काढल्या. पुण्यात आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं, पण दोन तालुक्यांत आमचा रुबाब औरच होता. रेकॉर्डिंग त्याचं दुकान बंद झाल्यावर, दिवेलागणीनंतर चालायचं. कांती पडला जैन, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. घसा कोरडा पडायचा. मग प्रत्येक गाण्याआधी तो बारीक खाकरायचा आणि पुटपुटायचा, "हं, चल राव." त्याशिवाय माझा सूर लागत नसे. आमच्या टेपवाल्याला कापाकापी जमत नव्हती, त्यामुळे ते सगळं तसंच कॅसेटीत जायचं.

पुढं सीडी आल्या. आमच्या गाजलेल्या बारा गाण्यांची डिजिटल सीडी काढायचं खूळ माझंच. लगीनसराई असल्यानं कांतीला दुकान सोडता येईना, म्हणून मूळ टेपा घेऊन पुण्याच्या स्टुडिओत मी एकटाच गेलो आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, खरखर, खोकला, सगळं काढा, आवाज आरशासारखा लख्ख पाहिजे. कांतीनं व्यापाऱ्याच्या डोक्यानं योजना काढली, जुनी कॅसेट आणा आणि नवी सीडी न्या. कॅसेटींची पोती माझ्या गोठ्यात साठली. मूळ टेपाही मी त्यातच टाकल्या आणि एक दिवस सगळं भंगारात देऊन मोकळा झालो. इतका शहाणा मी!

सीडी पहिल्यांदा त्याच्या दुकानात लावली तेव्हा कांतीनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "आवाज लई झ्याक आलाय, दत्ता. माझं खाकरणं काढलं व्हय?"

काढलं, म्हणालो. "बरं केलंस," म्हणून तो गिऱ्हाइकाला कापड मोजून द्यायला लागला. तो खूश आहे असं मला वाटलं. मित्राचा चेहरा मला वाचता आला नाही, हे आता उमगतंय.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याच्या आईला भेटायला गेलो. काकूंना आता दिसत नाही. कांतीचं गाणं लाव म्हणाल्या, म्हणून सीडी लावली. त्यांनी मान कलती करून अख्खं गाणं ऐकलं आणि हळूच विचारलं, "गाणं चांगलं हाय, बाळा. पण कांती कवा येतो त्यात?"

मला रडू आवरेना. त्याला मीच काढून टाकलं होतं.

मग मी दोन्ही तालुके पालथे घातले. प्रत्येक घरात आमची सीडी निघायची, कॅसेट कुठंच नाही. शेवटी आणे गावच्या पठारावर एका म्हाताऱ्या जीपवाल्याकडं एक सापडली. "आमच्या जीपला शीडी चालत नाय, म्हनून ऱ्हायली," तो म्हणाला. मी त्याच्या पायाच पडलो.

काकूंकडं पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. टेपरेकॉर्डर त्यांच्याजवळ ठेवून कॅसेट लावली. आधी नुसती खरखर... मग ते बारीक खाकरणं. "हं, चल राव." काकूंचा हात चाचपडत उशाच्या तांब्याकडं गेला. दोन्ही हातांनी तो उचलून त्यांनी आवाजाच्या दिशेनं पुढं धरला. गाणं सुरू झालं तरी हात तसेच होते.

"दत्ता, दिवस बुडाला का रं?"

"बुडाला, काकू."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्यावर फुलपात्र पालथं घातलं.