थोरला येईपर्यंत

वॉर्डात कोण काय करतं, कधी करतं, ते सगळं लिहून द्या, असं मला दवाखान्याच्या साहेबांनी सांगितलं. त्यावरून कम्प्युटरवर आमच्या वॉर्डाची हुबेहूब नक्कल बसवणार होते, आणि ऑपरेशनच्या वेळा पेशंटच्या सोयीनं ठरणार होत्या. वीस वर्षं सिस्टर म्हणून राबले, पण मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. मी फुगलेच. लिहून दिलं, 'डॉक्टर समजावतात, पेशंट सही करतो. अर्धा तास.'

धादांत खोटं! आमच्याकडं पेशंट कुठं सही करतो? घरातला थोरला येईपर्यंत सगळे खोळंबतात, डॉक्टरसुद्धा, मीसुद्धा. पण खरं लिहिलं तर बाहेरची माणसं आपल्याला अडाणी म्हणतील, या लाजेपायी मी पुस्तकातलं लिहिलं.

माझ्या त्या अर्ध्या तासावर बेतलेल्या नव्या वेळापत्रकात सकाळी दहापर्यंत सही झाली नाही की ऑपरेशनचं टेबल पुढच्या पेशंटला जायचं. त्याच आठवड्यात कन्नड तालुक्याकडची एक मेंढ्या राखणारी बाई आली. शुगरमुळं पाय काळा पडलेला. मला म्हणाली, "काढून टाका बाई, लई ठणकतंय. नातीचं लगीन बघायचंय मला." नवरा म्हणाला, "दादा येऊ द्या, एसटीत बसलाय." ती शुद्धीत होती. तिचा अंगठा पुरेसा होता, हे मला पाठ होतं. तरी मी तिच्याकडं न बघता नवऱ्यालाच विचारलं, "कुठवर आलेत?"

दहा वाजले, टेबल गेलं. मी डॉक्टरांच्या मागं मागं फिरले, पण पुढची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली.

बाराच्या सुमाराला थोरला दीर धापा टाकत आला. झालेलं ऐकून माझ्यावरच उखडला, "माझ्यासाठी थांबलात व्हय? पाय तिचा. तिला इचारायचं ना, बाई!"



दोन दिवसांत विष अंगभर भिनलं आणि ती गेली. मीच मारलं तिला, असं मला वाटतं, आणि ते खोटं आहे असं कुणी मला पटवू शकलेलं नाही. लिहिलेलं बदलून घ्या म्हणून साहेबांकडं गेले. ते म्हणाले, "सिस्टर, आता राहू द्या."

यापुढं आधी पेशंटला विचारीन, अशी मी शपथ घेतली. परवा एक म्हातारी दाखल झाली. माझ्याकडं टक लावून बघत होती, काहीतरी सांगायचं होतं तिला. माझ्या तोंडून निघालंच, "तुमच्याबरोबर मोठं माणूस कोण आहे?"