फ्लोराइड, ऊस आणि आबांचा अंगठा

माझ्या सासऱ्यांनी माझ्या मुलीचे दात तपासून तिचं वय तीन वर्षं असल्याचं जाहीर केलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. घोड्याच्या हिशेबाने मात्र निदान अचूक होतं: पुढचे दोन पक्के दात घोड्याला तिसऱ्या वर्षी येतात.

थोडा खुलासा आवश्यक आहे. सासरे, म्हणजे आबा, सारंगखेड्याचे. शेती केळीची आणि उसाची, पण नाव घोड्यांमुळे. तिथल्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि घोडा घेणारा माणूस आधी आबांना शोधतो. आबा घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घालतात, तोंड उघडतात, आत पाहतात आणि वय सांगतात. त्यावर अपील नाही. म्हाताऱ्या घोड्याचे दात घासून, रंगवून त्याला तरुण करणारे विक्रेतेही यात्रेत असतात. आबा येताना दिसले की त्यांच्या घोड्यांना अचानक तहान लागते आणि ते नदीकडे जातात. ही सवय आबांनी घरातही सोडलेली नाही. नातवंडं पाया पडायला वाकली की आधी अंगठा, मग आशीर्वाद!

मी एका दैनिकाचा शहाद्याचा वार्ताहर. ऊस, केळी, कापूस आणि बसस्थानकावरचे खड्डे हे माझे विषय. पण एकदा रविवारच्या पुरवणीत जागा रिकामी राहिली आणि संपादकांचा फोन आला, "काहीही द्या, पण संध्याकाळपर्यंत द्या." मी गावातल्या दातांच्या डॉक्टरबाईंना भेटलो आणि 'मुलांचे दात आणि फ्लोराइड' असा लेख पाठवला. तो छापून आला आणि मी तज्ज्ञ झालो. (पत्रकारितेत तज्ज्ञ व्हायला छापून येण्यापलीकडे काही लागत नाही.)

त्यानंतर रोज सकाळी मी तनूच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शेजारी उभा राहून मार्गदर्शन करू लागलो. "पेस्ट वाटाण्याएवढी! गिळू नको! थुंक! मागच्या दाढा राहिल्या!"

"तुम्ही जरा बाजू सरका," माझी बायको सुनंदा म्हणायची. "तुमना शर्टवर बठ्ठा फेस उडी ऱ्हायना."

लेख वाचून तनूच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. शाळेत दातांच्या आरोग्याचा कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून मी हवा होतो. मी डायरी बघतो असं म्हणालो आणि डायरी न बघता होकार दिला. त्याच कार्यक्रमात मुलांची एक नाटिका होती: एक पांढराशुभ्र दात आणि त्याच्यामागे लागलेली कीड. वर्गशिक्षिकांनी सगळ्या वर्गाचे दात पाहून दाताची भूमिका तनूला दिली. तनू पहिल्यांदाच स्टेजवर जाणार होती. तिला दुसरं काही सुचेना. शेजारच्या शकीला आपा शिवणकाम करतात. त्यांनी अस्तराच्या पांढऱ्या कापडाचा दात शिवायला घेतला, खाली दोन मुळांसकट.

इथपर्यंत सर्व सुरळीत होतं. मग मला भाषणाची चिंता लागली. भाषणाला ताजा संदर्भ हवा. 'सुरुवात मी माझ्या घरापासून केली, कालच मुलीच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावून घेतला' हे वाक्य मला इतकं आवडलं की ते खरं करण्यासाठी मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तनूला डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी लेप लावला आणि सांगितलं, "आज दात पिवळसर दिसतील, घाबरू नका. आज ब्रश करायचा नाही, कडक किंवा चिवट काही खायचं नाही. उद्या सकाळी ब्रश केला की पिवळेपणा जाईल. घरात सगळ्यांना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

महत्त्वाची माहिती बातमीच्या सुरुवातीला द्यावी, हे मी नव्या वार्ताहरांना कायम बजावत आलो आहे. घरासमोर मी मोटारसायकल बंदही केली नाही. साखर कारखान्याच्या बैठकीला उशीर होत होता. तनूला उतरवलं आणि ओरडलो, "फ्लोराइड लायं!"

"काय लायं?" सुनंदाने दारातून विचारलं.

"फ्लोराइड! पेपरमा लिखेल व्हतं ते!" आणि मी निघालो. मथळा दिला, बातमी दिलीच नाही!

पुढचा घटनाक्रम प्रत्यक्षदर्शींनी दिलेल्या माहितीवर आधारित आहे.

थोड्याच वेळात आबा उसाची मोळी घेऊन एसटीने आले. नातीचं नाटक बघायला मुक्कामाच्या तयारीने आले होते. तनू पाया पडायला वाकली.

"तोंड उघाड, माय."

तनूने उघडलं.

"तीन वरीस," आबा सवयीने म्हणाले आणि थबकले. अंगठा पुन्हा दातांवरून फिरवला. चिकट लागला. उजेडाकडे नेऊन पाहिलं. पिवळं! "सुनंदा! हाई काय शे?"

"काय व्हयनं?"

"पोरना दातेसले काईतरी लायेल शे. आसं काम मी बाजारमा देखेल शे. म्हतारा घोडाले आसाच लेप मारतस!"

"आबा, ते फ्लोराइड शे."

"ते काय ऱ्हास?"

सुनंदाने जबाबदारी माझ्यावर ढकलली. "यासनी पेपरमा लिखेल शे."

"काय लिखेल शे?"

"ते माहीत नही. पापडखाले शे."

माझ्या लेखाच्या पानावर घरात नागलीचे पापड वाळत घातले होते. एकेक पापड उचलून सुनंदाने लेख वाचून दाखवला. फ्लोराइडने दात मजबूत होतात, कीड रोखली जाते, सगळं होतं. लेप लावल्यावर दात दिवसभर पिवळसर दिसतात, हे लेखाचं शेवटचं वाक्य होतं. संपादकांनी जागेअभावी तेवढंच कापलं होतं!

"देख," आबा म्हणाले, "गुण बठ्ठा लिखेल शेतस, खोड एक बी नही. घोडा इकनारा बी आसंच बोलस."

एव्हाना तनू आरशासमोर पोहोचली होती. तिने दात पाहिले आणि भोकाड पसरलं. "मी पांढरा दात शे! आते बाई माले कीड करी टाकतीन!"

नेमक्या त्याच वेळी शकीला आपा दाताचा पोशाख मापाला घेऊन आल्या. "अरे, रोती क्यूं है बेटी? दिखा." मग त्याही दचकल्या. "मैंने दूध जैसा सफेद दांत सिया, और ये हल्दी कहां से आ गई?"

मला फोन लावण्यात आला. माझा फोन गप्प करून ठेवलेला होता. अध्यक्ष उसाच्या दरावर बोलत होते आणि मी एकेक शब्द टिपून घेत होतो. घरून तीन फोन येऊन गेले, त्यांची नोंद मात्र माझ्या वहीत नाही.

तज्ज्ञ अनुपलब्ध असल्याने उपस्थितांनी सूत्रं हाती घेतली. आबांनी चुलीची राख आणि मीठ मागवलं. (चूल आम्ही फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी ठेवली आहे. त्या दिवशी ती वैद्यकीय सेवेत आली.) जाड फडक्याने एक हात झाला. तनू थुंकली, दात पाहिले, पुन्हा रडली. आपा घरी जाऊन दात घासायची मिस्वाकची काडी घेऊन आल्या.

"चचा, राख से मसूड़े छिल जाएंगे. इससे घिसो, हल्के हाथ से."

"काडी जाऊ द्या आपा, रंग पक्का शे!"

"पहले देखो तो सही!"

काडीचाही एक हात झाला. पिवळेपणा बराच उतरला. राहिलेला काढायला आबांनी घोड्यांच्या नव्हे, उसाच्या अनुभवाचा आधार घेतला. "ऊस सोली सोली खावा, मंग दात आपोआप साफ. कारखाना व्हयना नव्हता तवयपाशी आम्हनं हाईच शे." मोळीतला सर्वांत जाड ऊस निघाला. तनूचं रडणं तात्काळ थांबलं. डॉक्टरबाईंनी मनाई केलेल्या गोष्टींपैकी आता एकही शिल्लक राहिली नव्हती.

मी घरी आलो तेव्हा आबा, सुनंदा आणि आपा अंगणात गुडघ्यांवर बसून उसाचा चोथा चिवडत होते. तनू ओट्यावर बसली होती. दात लखलखत होते.

"काय हारायनं?" मी विचारलं.

"दात," सुनंदा म्हणाली.

"कोना?"

तनूने तोंड उघडलं. वरच्या दोन नव्या दातांच्या शेजारी एक काळोखी खिडकी होती. दुधाचा एक दात बरेच दिवस हलत होता, तो उसाच्या कांडीबरोबर गेला होता.

मग मी सर्वांना एकत्र बसवून डॉक्टरबाईंच्या सूचना क्रमवार सांगितल्या. संपूर्ण वृत्तांत, एकही वाक्य न कापता. सुनंदाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाई दुपारले सांगतांना तुमनं तोंड दुखी ऱ्हायंतं का?"

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी 'राख?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "लेप गेला, तो पुन्हा लावू. दात हलत होता, तो पडणारच होता. उद्या शाळेत मी येतेच आहे, हिरड्या बघते. आणि राख परत लावू नका." शेवटचं वाक्य मी तत्परतेने सगळ्यांना कळवलं. एवढी एक बातमी वेळेवर पोहोचली.

सकाळी आम्ही सगळे शाळेत गेलो. आपाही आल्या, पोशाख शेवटपर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. वर्गशिक्षिकांनी तनूला "हस बघू" म्हटलं. तनू हसली. बाई हसल्या नाहीत.

"सर, दातालाच दात नाही, हे प्रेक्षकांना कसं पटेल? कीड झालेल्या पूर्वाला दात करते. तनू कीड होईल."

तनूने ओठ घट्ट मिटले. डोळे भरले. मी प्रमुख पाहुण्याच्या अधिकाराने म्हणालो, "बाई, यात माझी थोडी..." पुढचं वाक्य सापडेना. भाषण पाठ होतं, पण ते फ्लोराइडवर होतं.

तेव्हा आबा पुढे आले. ओठाच्या कोपऱ्यात अंगठा, तोंड उजेडाकडे. "बाई, आठे देखा. दुधना दात पडना, हाई खोड नही शे. नवा दातनं टोक दिखी ऱ्हायनं. बाजारमा आसा जनावरना भाव वाढस, कमी नही व्हस!"

"और मैंने दांत सिया है, कीड़ा नहीं," आपांनी पोशाख छातीशी धरला. "कीड़े का नाप अलग होता है."

बाईंनी तनूच्या तोंडात वाकून पाहिलं. टोक खरंच दिसत होतं. त्यांना हसू आलं. "बरं. पूर्वा कीडच राहील. तनू, तू दुधाचा दात हो. तुझं वाक्य तूच बनव."

पडदा सरकला. पांढऱ्या अस्तरातला दात दोन मुळांवर ठुमकत पुढे आला. माइकसमोर उभा राहून त्याने तोंड पूर्ण उघडून खिडकी दाखवली.

"मी दुधाचा दात! मी पडलो, पण किडून नाही पडलो! ऊस खाताना पडलो! पप्पांनी घरी सांगितलं नाही, म्हणून आजच पडलो!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. प्रमुख पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

माझं भाषण झालं. 'सुरुवात मी माझ्या घरापासून केली' या वाक्याला अपेक्षेपेक्षा फारच मोठा हशा मिळाला. मग डॉक्टरबाई तपासणीला उठल्या. पहिल्या रांगेतली मुलं खुर्च्यांखाली शिरू लागली. तेव्हा त्या माइकवर म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. आपण आधी पाहुण्यांचे दात तपासू. सरांनी दातांवर एवढा मोठा लेख लिहिलाय!"

मी दातांवर लेख लिहिला होता. दात कोणाला दाखवले नव्हते.

खुर्ची आली, बॅटरी आली. माइक डॉक्टरबाईंच्या हातातच राहिला होता. "आ करा. अरे बापरे! इथे कीड. इथेही. ही दाढ तर अर्धीच आहे! सर, शेवटचे दातांच्या डॉक्टरांकडे कधी गेला होता?"

"लेखासाठी," मी उघड्या तोंडाने म्हणालो. ते कोणाला कळलं नाही, हे बरं झालं.

मुलं खुर्च्यांखालून बाहेर आली. हे बघायला मिळणार असेल तर तपासणीला त्यांची हरकत नव्हती. रांग लागली. तनू दाताच्याच वेशात सर्वांत पुढे उभी होती. एवढ्यात स्टेजची पायरी वाजली आणि माझ्या ओठाच्या कोपऱ्यात एक ओळखीचा अंगठा शिरला. आबांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं. खूप वेळ पाहिलं. घोड्यालासुद्धा त्यांनी इतका वेळ कधी दिला नसेल. मग अंगठा धोतराला पुसला आणि पहिल्या रांगेतल्या लेकीकडे बघून, माइक चालू आहे याची फिकीर न करता म्हणाले,

"सुनंदा, घोडा लेतांना मी धा येळा तोंड उघाडी देखस. जवाई करतांना नुसती पत्रिका देखी, नि फसनू!"

कार्यक्रमाची बातमी मीच पाठवली. प्रमुख पाहुण्यांचं नाव जागेअभावी वगळलं.