सवारी नव्हे, सासू

“पीछे एक सवारी थी,” असं संजूने जबाबात सांगितलं होतं आणि खाली सहीही ठोकली होती. सवारी म्हणजे भाड्याचं गिऱ्हाईक, आणि त्या एका शब्दावर कंपनी त्याचा क्लेम नाकारायला निघाली होती.

मी रायपुरात विमा कंपन्यांसाठी क्लेमची तपासणी करते. अपघात झाला की लोकांच्या घरी जाऊन नको ते प्रश्न विचारायचे, हा माझा धंदा. संजू दिवसभर मालकाची टॅक्सी ॲपवर चालवतो. तिला पिवळी नंबरप्लेट. त्याची स्वतःची गाडी मात्र पांढऱ्या प्लेटची, म्हणजे घरच्या वापराची, आणि विमाही तसाच. अशा गाडीत भाडं घेऊन कुणाला बसवलं, तर अपघाताच्या वेळी कंपनी हात वर करते.

सुट्टीच्या दिवशी नवा रायपुरच्या मोकळ्या रस्त्यावर गाय आडवी आली. संजूने गाय वाचवली आणि स्वतःची गाडी डिव्हायडरवर घातली. मागे बसलेल्या सुशीलाबाईंचा पाय मोडला, ऑपरेशन करावं लागलं. गाडीतल्या माणसांच्या उपचारांसाठी संजूने जादा प्रीमियम भरून कव्हर घेतलं होतं. पण क्लेम गेला असता तर हॉस्पिटलचं बिल आणि गाडीची दुरुस्ती, दोन्ही त्याच्याच बोकांडी बसलं असतं.

“सवारी काहून म्हटलं रे? कोण होती?” मी फोनवर विचारलं.

“सासू होती मॅडम. दिवसभर सवारी-सवारी करून राहिलो, तोंडात तेच बसलं.”

मला हसू आवरेना. ॲपच्या रेकॉर्डवरही तो त्या वेळी ऑफलाइन होता. आता सुशीलाबाईंनी ‘पैसे दिले नाहीत’ एवढं सांगितलं की काम झालं, अशा हिशेबाने मी पुरानी बस्तीत संजूच्या घरी गेले. सुशीलाबाई पायाला प्लॅस्टर घालून लेकीकडेच पडल्या होत्या.

“मावशी, त्या दिवशी जावयाला पैसे वगैरे नाही ना दिले?”

“दिले ना. गाडीत बसल्या बसल्या हातात कोंबले. घेतच नव्हता.”

संजूने कपाळाला हात लावला. मला त्याची दया आली, पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येत नाही. मी अंगणात जाऊन कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

“सवारी भी, पैसा भी,” साहेब म्हणाले. “अब बचा क्या, मैडम? रिजेक्ट कर दीजिए.”

आत आले तर संजूची बायको चहा घेऊन उभी. सुशीलाबाईंनी उशीखालून बटवा काढला आणि ट्रेमध्ये दोन नोटा ठेवल्या. लेकीनेही सवयीने त्या उचलल्या.

“हे काय, मावशी?”

“पोरीच्या घरचं फुकट नाही खात आपण. आमच्यात पहिल्यापासून तसंच आहे. तू माह्यासाठी आली, म्हणून तुह्या चहाचे बी माह्यावर.”

“आणि गाडीत दिले ते?”

“गाडी बी पोरीच्याच घरची नाही का?” सुशीलाबाईंना माझ्या अकलेची शंका यायला लागली होती.

“मम्मी तो पानी पीकर भी पैसे रखती है, दीदी,” लेक म्हणाली.

मी पुन्हा अंगणात. साहेबांना सगळं सांगितलं.

“ये तो मेरी नानी भी करती थीं,” ते म्हणाले. मग साहेबी आवाजात, “डिटेल में लिखकर भेजिए.”

मी लिहिलं. भाडं म्हणजे प्रवासासाठी ठरवून घेतलेला मोबदला. इथे कुणी काही ठरवलं नव्हतं, देणारी रीत पाळत होती आणि घेणारा नको म्हणत होता. तरी याला भाडंच म्हणायचं असेल, तर सुशीलाबाईंची लेक घरात विनापरवाना हॉटेल चालवते असंही धरावं लागेल.

क्लेम पास झाला. गाडीचाही आणि पायाचाही. संजूला मी दम दिला, की यापुढे सासूला सासूच म्हणायचं.

कामावर नवीन येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. ‘पैसे दिले का?’ विचारून लगेच उठू नका. ‘काहून दिले?’ हेही विचारा, आणि चहाला नाही म्हणू नका.