छोटं कॉलेज, मोठी युनिव्हर्सिटी आणि पप्पांचा सातवीचा वर्ग

कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर जालन्याची एसटी लागली, तरी काकांचं बोलणं संपत नव्हतं. "एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीला न्हाई म्हणून त्या बारक्या कॉलेजात जाऊन राह्यली. नाव सांगितलं तर जालन्यात कुणाला कळत बी न्हाई!" पप्पांनी माझी बॅग सीटखाली सरकवली. म्हणाले, "शिकायचं तिला हाय. तिला कळलं ना, बस झालं." आई खिडकीशी आली आणि माझा हात गाडी हलेपर्यंत धरून राहिली.

अमेरिकेत मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, दोन्हीकडे स्कॉलरशिप. एक अवाढव्य विद्यापीठ. तिथल्या लॅब जगात नावाजलेल्या, आणि पहिल्या वर्षाच्या एकेका वर्गात आपल्या शाळेच्या अख्ख्या गॅदरिंगला जमतात तेवढी मुलं. दुसरं एका लहानशा गावातलं कॉलेज, वर्गात जेमतेम पंधरा जण. मी मोठ्याला घाबरले, असं काकांना वाटलं. तसं नव्हतं. दहावीनंतर सायन्स घेतलं आणि माझा इतिहास सुटला. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहासच शिकवायचे, त्यामुळे ते फार लागलं होतं. त्या छोट्या कॉलेजात भूगर्भशास्त्र आणि इतिहास, दोन्ही शिकता येणार होतं.

पहिले दोन महिने मात्र काकांचंच खरं वाटायला लागलं. पंधरा जणांत लपायला जागा नसते. सगळे टेबलाभोवती बसून बोलायचे आणि मी मान खाली घालून लिहून घ्यायची. इतिहासाच्या बाईंना मुलं नुसतं रूथ म्हणायची. माझ्या तोंडून ते निघेचना. एकदा त्यांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं, "निबंधात तू माझ्याशी वाद घालतेस. वर्गात का नाही?"

पुढच्या तासाला दुष्काळाचा विषय निघाला. रूथबाई म्हणाल्या, दुष्काळात अख्खं गाव एकसारखं भरडलं जातं. माझा हात वर गेला. म्हटलं, "हे चूक आहे." खोल बोअर असणाऱ्याची मोसंबी हिरवीगार राहते आणि त्याच गावात बाया टँकरची वाट बघत उभ्या असतात, हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तास संपेपर्यंत सगळे त्याच्यावरच बोलले, आणि पुढच्या तासाला बाई आपली मांडणी बदलून आल्या.

रात्री पप्पांना फोन केला.

"बाईंना तोंडावर चूक म्हणली?"

"हो."

"मंग त्या काय म्हणल्या?"

"थँक्यू म्हणल्या."

पप्पा इतके हसले की आईनं फोन हातातून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीच्या वर्गात जाहीर केलं, "माझं काही चुकलं तर हात वर करायचा." आईनं सांगितलं, आठवडाभर त्यांचा धडा पुढं सरकला नाही, आणि ते घरी मात्र रोज खुशीत येत होते.

पुढं पीएचडीला मी भूजलावर काम घेतलं आणि मोठ्या विद्यापीठातच गेले. तिथल्या यंत्रांशिवाय ते झालंच नसतं. पण प्रश्न विचारायचं बळ मी छोट्या कॉलेजातून घेऊन आले होते. गेल्या वर्षी काकांच्या मुलीनं, प्रतीक्षानं विचारलं, "ताई, शिकायला कुठं जाऊ, मोठ्या का छोट्या ठिकाणी?" तिला लहानपणापासून फक्त ताऱ्यांचा नाद. मी म्हटलं, "मोठ्या ठिकाणी. तुला मोठी दुर्बीण लागणार." काकांचा लगेच फोन आला, "ही मोठ्यात आन् तू बारक्यात, असं कसं?" जिला जे शिकायचं, त्यावर जागा ठरते, हे मी त्यांना समजावलं. आता गावात ते स्वतःच दोन्हींतला फरक समजावून सांगतात, आणि माझ्या कॉलेजचं नाव अगदी बिनचूक घेतात.

यंदा सुट्टीत घरी आले, तर गावाच्या पाण्यावरून पप्पांशी जोरात वाजलं. ते हटेनात, मीही हटेना. आईनं दोघांची ताटं वाढली. "जेवून घ्या, मंग भांडा." ज्वारीची गरम भाकरी मोडत पप्पा म्हणाले, "तुझं पटलं न्हाई. पण पुन्हा सांग बरं." माझं घर आता ते आहे, जिथं माझं पुन्हा ऐकून घेतात.