एका लिटरात तोरणमाळ

आमच्या गॅरेजात किस्से साचायला काही कारण लागत नाही. कुणी ते जपून ठेवत नाही, कुणी टाकूनही देत नाही. एखाद्या संध्याकाळी चहा यायला उशीर झाला की कुणीतरी एक काढतो, त्याला लागून दुसरा निघतो, आणि चहा येऊन गार होतो तरी आमचं चालूच. आज तुम्ही आलाय तर ऐका.

आधी माणसं सांगतो. मी रवी. शहाद्यात डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. जीपच्या इंजिनाला एका वेळी किती थेंब डिझेल मिळावं, ते माझ्या टेस्ट बेंचवर ठरतं. शेजारी उखाअण्णांचं गॅरेज. अण्णा सत्तरीला टेकले, चष्मा दोरीने बांधलेला, पण बॉनेटवर हात ठेवून कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगतात. मगनभाई तापीकाठचे केळीवाले, अंगाने भरलेले, आणि रामदादा पावरा धडगाव लाइनला जीप चालवणारे, अंगाने काठी. दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं मगनभाईंच्या टॅबलेटवर फॉर्म्युला रेस बघतो.

हसू नका. बघतो म्हणजे बघतोच, आणि तेही आवाज बंद करून. कॉमेंट्रीवाला मध्ये मध्ये बडबडतो ते अण्णांना खपत नाही. त्या रंगीत गाड्या गप्पगुमान वळणं घेत असतात, बाहेर उन्हं उतरत असतात, आणि अण्णांचे डोळे अर्धवट मिटलेले असतात. "सपनमा गाडी अशीच चालस," ते एकदा म्हणाले. "आवाज नही, धूर नही."

आता मूळ गोष्ट. एका रविवारी मगनभाईंनी त्या रेसचे नियम मोबाइलवर वाचून दाखवले. शर्यतीला डिझेल, म्हणजे त्यांचं जे काय पेट्रोल असेल ते, मोजून मिळतं. इंजिनात किती वेगाने सोडायचं त्यालाही हद्द. आणि एकदा इंजिन पास झालं की आत काही नवीन करायचं नाही, सगळं गोठवलेलं. मला वाटलं अण्णा नाक मुरडतील. ते उठून बसले.

"मंग आपीन काय करी ऱ्हायनूत इतला वरीस?" ते म्हणाले. म्हणजे आपण एवढी वर्षं दुसरं काय करतोय!

त्याच संध्याकाळी कॅलेंडरच्या पाठीवर आमचे नियम लिहिले गेले. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्यापासून वरच्या तलावापर्यंत जीप चढवायची, एका लिटरात. दसऱ्याला पंपाच्या स्क्रूला मी शिशाचं सील मारणार, तिथून पुढे इंजिनाला हात लावायचा नाही. डिझेल बाटलीत मोजून घ्यायचं, आणि शेवटी तिच्यात किती उरलं ते दुसऱ्या जीपवाल्याने तपासायचं. जीप दोनच, मगनभाईंची आणि रामदादांची, आणि दोन्ही अण्णांच्या हाताखालच्या.

यात अण्णांचं काय अडकलं होतं तेही सांगून टाकतो. त्यांची मुलगी नाशिकला. फोनवर रोज एकच, गॅरेज बंद करा आणि इकडे या. अण्णांनी तिला शब्द देऊन टाकला. "एक लिटरमा गाडी तलावले लागनी की दुसरा दिन मी तठे ऊनू समज." म्हणजे गाडी तलावाला पोचली की दुसऱ्या दिवशी मी नाशिकला आलोच. मुलगी बिचारी दर दिवाळीनंतर मलाच फोन करून विचारते, "रवीदादा, पोचली का हो?"

पहिल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून जी माती खाल्ली, ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही. डिझेलसाठी सलाइनची बाटली घेतली, कारण तिच्यावर खुणा छापलेल्या असतात. बाटली आरशाच्या हुकाला टांगली, नळी पंपाला जोडली. मगनभाईंची जीप निघाली आणि दुसऱ्याच वळणावर बाटली कोरडी!

मगनभाईंचा चेहरा उतरला. अण्णा तर दगडावर बसले. अर्धा तास सगळे इंजिनाला दोष देत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नोझलमधून न जळलेलं डिझेल परतीच्या नळीने टाकीत जातं. ती नळी काढून बाटलीत सोडायची राहिली होती. म्हणजे आम्ही बाटलीतलं डिझेल मोठ्या इमानदारीने मगनभाईंच्या टाकीत भरत होतो. बरं, या कामाचा शहाद्यातला तज्ज्ञ कोण? मी. अजून ऐकवतात.

दुसऱ्या वर्षी मगनभाई फार लवकर आले आणि फार गप्प होते. त्यांची बाटली मी हातात घेतली तर बोटं बधिर. बाहेरून दव सुटलेलं.

"मगनभाई, हे काय?"

"थंडी पडलीय भाई, थंडी."

थंडी कसली, गड्याने डिझेल रात्रभर गावातल्या दूध डेअरीच्या चिलरमध्ये ठेवलं होतं! गार डिझेल आकसतं, त्याच मापात चमचाभर जास्त बसतं. अण्णा रागावले असतील म्हणून मी बघितलं, तर ते कौतुकाने मान हलवत होते. मगनभाईंनीच मग कबूल केलं की युक्ती रेसच्या नियमांतून उचलली. तिथे पेट्रोल फार गार करायला बंदी आहे, आणि बंदी आहे म्हणजे फायदा असणार, एवढं त्यांनी बरोबर ताडलं. अण्णांनी कॅलेंडरवर चौथा नियम लिहिला, आणि बाटली उन्हात ठेवून मगनभाईंना तिच्यासमोर बसवलं. दव सुकेपर्यंत ते मांडी घालून बसून होते.

रामदादांची गोष्ट वेगळी. ते कधी युक्ती करत नाहीत. रेसमधले ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलतात आणि गाडी वाहू देतात, हे मगनभाईंनी त्यांना समजावून सांगितलं. रामदादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या गाडीत माणसं झोपली पाहिजेत. झोप मोडली की डिझेल गेलं."

हे त्यांचं मीटर! मी एकदा मुद्दाम त्यांच्याबरोबर धडगावहून आलो. मागे बाजाराच्या टोपल्या, कोंबड्या, बारा-पंधरा माणसं. घाट लागला आणि एकेक मान कलायला लागली. चढ संपायच्या थोडं आधी ते पाय उचलत, गाडी स्वतःच्या ओढीने माथा ओलांडे, आणि उताराला गिअरमध्येच सोडून देत. न्यूट्रल कधी नाही. गिअरमध्ये असताना पाय उचलला की पंप डिझेल देतच नाही, हे मला बेंचवर शिकायला दोन वर्षं लागली. त्यांना ते मागच्या सीटवरच्या घोरण्यावरून कळलेलं. खाली झाडांवर धुकं बसलेलं होतं, आणि मला वाटलं हा रस्ता संपूच नये. शहादा आलं तेव्हा मला कोंबडीने उठवलं.

तिसऱ्या वर्षी वजनाचा वाद. मगनभाई म्हणाले, रामदादा काडीसारखे, मी असा, हा कुठला न्याय? रेसमध्ये हलक्या ड्रायव्हरला वजन लावतात म्हणे. अण्णांना पटलं. रामदादांच्या जीपमध्ये ज्वारीचं एक पोतं टाकलं आणि नियम झाला, पोतं घेऊन निघायचं.

त्या वर्षी रामदादांची जीप शेवटच्या वळणापर्यंत गेली. तिथे बंद पडली खरी, पण त्याआधी इतकं वर कुणी गेलं नव्हतं. मगनभाई तपासायला पोचले. बाटली रिकामी, बरोबर. पोतं?

"खालच्या पाड्यावर आत्याला दिलं," रामदादा म्हणाले. "तिच्याकडची ज्वारी संपलेली."

"अरे पण नियम!"

"निघायचं लिहिलंय. पोचवायचं कुठे लिहिलंय?"

कॅलेंडर गॅरेजात होतं, पण चौघांनाही पाठ. खरंच लिहिलं नव्हतं. मगनभाई एवढे हसले की त्यांना गाडीच्या बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. पुढच्या वर्षी पोत्याऐवजी लोखंडी चाक ठेवलं, ते कुठल्याच आत्याला नको असतं.

मागच्या वर्षी मात्र हसण्यासारखं नव्हतं. शर्यतीला आठवडा असताना रामदादा दुपारी माझ्या दुकानात आले आणि माझ्या टेबलावर शिशाचं सील ठेवलं. तुटलेलं.

वरच्या पाड्यावरची एक बाई अडली होती. तिला, तिच्या सासूला आणि दाईला घेऊन धडगावच्या दवाखान्यात जायचं, आणि चढावर भरलेली जीप दम सोडायला लागली. रामदादांनी पान्हा काढला, सील तोडलं, डिझेलचा स्क्रू दीड आटा फिरवला आणि काळा धूर सोडत वर चढवली. बाई आणि बाळ दोघं ठीक होते. रामदादा मात्र मान खाली घालून उभे. "यंदा मी बाद," म्हणाले. नियम माझ्याच पकडीने बंद केलेला.

आम्ही अण्णांकडे गेलो. अण्णांनी सील हातात फिरवून बघितलं. मग मगनभाईंना फोन लावून विचारलं, त्या रेसवाल्यांचं इंजिन गोठवलेलं असतं तरी काय बदलू देतात, परत वाच. मगनभाईंनी वाचलं: भरवशासाठी लागणारी दुरुस्ती परवानगीने करता येते.

"मंग हाई भरवसानीच शे," अण्णा म्हणाले. "रव्या, स्क्रू जागावर आन, नवं सील मार." आणि रामदादांच्या पाठीवर हात ठेवला. मी पक्कड शोधायचं निमित्त करून आत गेलो, कारण डोळे भरले होते.

आता यंदाचं सांगतो.

शर्यतीच्या आधी अण्णांची मुलगी स्वतः येऊन गेली. खोली रंगवून ठेवलीय, गॅलरीतून झाडं दिसतात म्हणाली. अण्णा तिच्यासमोर हो हो म्हणत राहिले. ती गेल्यावर त्यांनी गॅरेजातला प्रत्येक पान्हा काढून पुसला आणि परत त्याच खिळ्याला लावला.

त्या सकाळी घाटात एवढं धुकं होतं की रस्ता गाडीच्या पुढे पुढे तयार होतोय असं वाटत होतं. रामदादा चालवत होते, मी मागे, आणि अण्णा शेजारच्या सीटवर. बाटली हुकाला होती, पण अण्णांनी ती हाताने धरली होती, जास्त हलू नये म्हणून. मगनभाई तपासायला मागून येत होते, बरेच मागे. यंदा इंजिन असं काही लागलं होतं की आवाज येतोय का नाही ते कान देऊन ऐकावं लागे. दोनदा माझा डोळा लागला. म्हणजे गाडी बरोबर चालली होती.

आजवर जास्तीत जास्त जिथवर पोचलो होतो ते शेवटचं वळण मागे गेलं. बाटलीत अजून चार बोटं डिझेल. मी ताठ बसलो. रामदादांनी बाटलीकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

धुकं फाटलं आणि झाडांच्या मधून पाणी चमकलं. बाटलीत दोन बोटं होती. अण्णा एकटक समोर बघत होते. त्यांचा हात बाटलीवरून खाली नळीवर आला. इंजिन थोडं पुढे गेलं, मग अडखळलं, एकदा मोठा श्वास घेतल्यासारखं केलं आणि बंद पडलं.

रामदादांनी हँडब्रेक ओढला.

"हवा धरी वाटस," अण्णा म्हणाले. म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली.

"हो अण्णा," रामदादा म्हणाले. "हवा धरली."

रामदादा खाली उतरले, नळ्या काढल्या, बाटली घेतली आणि टाकीचं झाकण उघडून उरलेलं सगळं आत ओतलं. बाटली परत हुकाला लावून नळ्या जोडल्या. तोवर मगनभाईंची जीप आली. त्यांनी बाटली उजेडाला धरली, उलटी केली, झटकली. एक थेंब नाही.

"अण्णा, दोनशे पावलं राहिली हो," मगनभाई रडकुंडीला येऊन म्हणाले.

अण्णांनी तिथूनच नाशिकला फोन लावला. "नही वं माय," ते म्हणाले, "थोडासामा ऱ्हायी गयं." आणि पाण्याच्या दिशेने चालायला लागले.

मगनभाई त्यांच्यामागे गेल्यावर रामदादा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "रवीभाऊ, नळी पुसून ठेव. अण्णांच्या अंगठ्याचं ग्रीस लागलंय."